चिंचेला वळसा घालून पुन्हा या

पोळ्याच्या दिवशी कारभारी पाटलांचा मानाचा बैल ऐन वेशीपुढून परत फिरवला गेला, आणि त्याच्या आधी आक्काबाईची म्हातारी जोडी गावात शिरली.

तसं काही घडलेलं नाही. गावात कुणालाही विचारा. गावाचं नाव मात्र विचारू नका. काष्टीहून श्रीगोंद्याकडं निघालात की डाव्या हाताला कुठंतरी आहे, एवढं पुरे. जी गोष्ट घडलीच नाही, ती नेमकी कोणत्या गावात घडली नाही हे सांगून तरी काय करायचं?

तेव्हा न घडलेल्या गोष्टीची आपण सुरुवातीपासून सुरुवात करू.

शामकांत हा आमच्या मार्तंड गुरुजींचा एकुलता एक मुलगा आणि माझा दोस्त. लहानपणी डोक्यावरून विमान गेलं की हा पाटी टाकून अंगणात पळायचा आणि ते दिसेनासं होईपर्यंत हात हलवायचा. वरून कधी कुणी हात केला नाही, त्याचं त्याला वाईट वाटायचं नाही. "कामात असतील," म्हणायचा. त्यामुळं एकाहत्तर साली त्याची विमानतळावरच्या नोकरीसाठी निवड झाली, तेव्हा गावाला नवल वाटलं नाही. विमान चालवायची नोकरी नव्हे. खाली बसून विमानांना 'तू उतर, तू थांब' असं सांगायची. गुरुजींनी पेढे वाटले. गावानं ते खाल्ले आणि म्हटलं, गुरुजींचा शाम विमानं राखायला लागला.

या लोकांना शिकवायचं एक सरकारी केंद्र उत्तरेत कुठंतरी आहे. शिकाऊ माणसाच्या हाती खरी विमानं देत नाहीत, हे सरकारनं पूर्ण विचारांती केलेलं एक काम. त्याला खोलीत टेबलापाशी बसवतात. पुढ्यात कागदाच्या पट्ट्या. एक पट्टी म्हणजे एक विमान. पलीकडच्या खोलीत मास्तर लोक बसून पायलटांचे आवाज काढतात. मी इतक्या उंचीवर आहे, मी येऊ का? धावपट्टी एकच. म्हणून एकाला उतरवायचं आणि बाकीच्यांना ठरलेल्या जागी आभाळात गोल गोल फिरत ठेवायचं. एकावर एक, मध्ये हजार-हजार फूट अंतर सोडून. सगळ्यात खालचं उतरलं की बाकीचे एकेक पायरी खाली.

"म्हणजे उतरंड," मी म्हणालो.

"उतरंडच. फक्त खालचं मडकं आधी काढायचं."

"वरची न पाडता?"

"त्याचाच तर पगार आहे, बन्स्या."

यात शाम्या नापास झाला. गणितात नव्हे, अंतर, वेग, उंची, सगळं त्याच्या बोटांवर होतं. तो नापास झाला आग्रहात.

त्याला इलाज नव्हता. गुरुजींच्या घरात दारात आलेल्या माणसाला 'थांबा' म्हणायची रीतच नाही. त्याच साली जनगणना झाली. जनगणनेचा माणूस त्यांच्याकडं आला, तर त्याला जेवायचा आणि राहायचा इतका आग्रह झाला की जाताना त्यानं स्वतःलाही त्याच घरात मोजलं. अशा घरातला मुलगा. पलीकडच्या खोलीतून आवाज आला, मी येऊ का? शाम्या इंग्रजीत म्हणाला, या. दुसरा आवाज आला, मी येऊ का? आता पहिला आत असताना दुसऱ्याला बाहेर कसं ठेवणार? या, या. तिसरं विमान तर बिचारं काहीच बोललं नव्हतं. यानं आपण होऊन विचारलं, तुम्ही का बाहेर? तिन्ही विमानं एकाच धावपट्टीवर एकाच वेळी उतरली. मास्तरांनी कानावरचं यंत्र काढून ठेवलं आणि उभं राहून मौन पाळलं.

पोळा झाल्यावर आणखी एक परीक्षा घेऊ, असं ठरलं. त्यात नापास झाला की गाठोडं बांधायचं. इकडं त्याच्या मामांनी तहसील कचेरीत शब्द टाकून ठेवलेला होताच. शाम्याला कचेरीत जायचं नव्हतं. "तिथं सगळ्यांना थांबवतात," तो म्हणाला. "माझं तिथंही जमणार नाही."

तो सुट्टीवर आला आणि आम्ही गुरुजींच्या ओसरीवर सराव सुरू केला. पाट म्हणजे धावपट्टी. पितळेच्या वाट्या म्हणजे विमानं. पायलट सगळे मी. तोंडापुढं तांब्या धरला की आवाज थेट आभाळातून आल्यासारखा यायचा.

"मी येऊ का?" मी तांब्यातून म्हणालो.

"आपण जरा थांबाल का?" शाम्या म्हणाला. "म्हणजे घाई नसेल तर."

"घाई हाय. बायको-पोरं संगं हायेत."

"मग या."

"शाम्या, पाटावर आधीच एक वाटी आहे!"

"अरे पण त्याची बायको-पोरं?"

"खोटं बोलतोय मी!"

"पायलट खोटं बोलत नाहीत."

"आपल्या गावातला बोलतो."

तेवढ्यात शाम्याची आई, सरोजिनीकाकू, चहा घेऊन आल्या. त्यांनी दोन कप आमच्यापुढं ठेवले आणि विचारलं, "ती जी थांबलीयेत त्यांनाही टाकू का अर्धा-अर्धा?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ओसरीवर हे व्हायचं नाही. वाट्या गुणी असतात. शाम्याला कुणीतरी खरोखर अंगावर येणारं पाहिजे होतं.

आमच्या गावात अंगावर येणारी गोष्ट वर्षातून एकदा, पोळ्याला येते. गावाला वेस एक. वेशीपुढं वाटा तीन. दिवस उतरायच्या आधी तिन्ही वाटांनी सजवलेल्या जोड्या येतात. झुली, घुंगरं, शिंगांना बेगड. वेशीवर आंब्याच्या पानांचं तोरण. पहिला मान पाटलांचा. त्यांच्या बादशानं शिंगानं तोरण तोडायचं आणि मग बाकीच्यांनी आत जाऊन मारुतीपुढं नारळ फोडायचा. पण मानाच्या माणसानं वेळेवर यायचं नसतं. वेळेवर तर कुणीही येतं. त्यामुळं पाटील येईपर्यंत अख्ख्या गावाची जनावरं वेशीपुढं एकमेकांच्या शेपट्यांवर उभी. मग पाटील येतात ते ताशे, गुलाल आणि फटाके घेऊन. बादशा डौलात आत जातो आणि त्याच्या मागं जो सापडेल त्याचा बैल उधळतो. आदल्या साली मागं आक्काबाई सापडली. तिचा पवळ्या फटाक्याला बुजून जो सुटला तो सोसायटीच्या ऑफिसात घुसला. सोसायटीचं ऑफिस उघडं होतं, हे गावाला त्यामुळं कळलं.

मी याची आठवण करून देताच शाम्या ताठ बसला. "बन्स्या, हा जंबो आहे."

"कोण?"

"बादशा. जंबो नावाचं नवीन अवाढव्य विमान निघालंय. ते गेलं की मागं हवेत भोवरे राहतात. लहान विमान त्यात सापडलं की कोलमडतं. म्हणून त्याच्या मागं अंतर जास्त ठेवतात. आणि एकावेळी एकच आत. बाकीच्यांनी फिरत राहायचं."

"बैलांनी?"

"बैलांनीच. खळ्यावर मळणीला फिरत नाहीत का?"

मला पटलं. विमानांना गोल फिरायला शिकवावं लागतं; बैल तर त्यातच म्हातारे होतात.

परवानगीसाठी आम्ही पाटलांकडं गेलो. कारभारी पाटील सरपंचही होते, त्यामुळं एका चहात दोन्ही परवानग्या मिळायच्या. शाम्यानं वेशीपुढची जुनी चिंच, तिच्याभोवतीचे फेरे, बुरुजावर बसून कर्ण्यातून एकेकाला बोलावणं, असं सगळं बैजवार सांगितलं. पाटलांनी मिशीवरून हात फिरवला.

"म्हंजी म्या आलो की तू वरनं कर्न्यातनं गावाला सांगनार?"

"सांगणार."

"समद्या गावाला ऐकू जाईल?"

"शेजारच्या गावालासुद्धा."

"मंग हुंदे."

कर्णा लग्नाचा होता, श्रीमंत लाउडस्पीकरवाल्याचा. त्यानं तो फुकट दिला. अट एकच, प्रत्येक सूचनेनंतर त्याचं नाव घ्यायचं.

पोळ्याच्या दिवशी आम्ही दोघं बुरुजावर चढलो. शाम्यापुढं पट्ट्या मांडलेल्या, प्रत्येक पट्टीवर एका जोडीचं नाव. माझं काम, लांबून जोडी दिसली की कोणाची ते ओळखणं. खाली गुरुजी वेशीच्या कट्ट्यावर बसलेले. मुलगा आज सगळ्या गावाला थांबायला सांगणार म्हणून ते सकाळपासून कसनुसे झालेले. येईल त्याला हात जोडत होते.

सुरुवात कशी झाली म्हणाल, तर वाईट. पहिल्या जोडीला शाम्या म्हणाला, "या." दुसरीला म्हणाला, "या, या." मी त्याच्या मांडीला चिमटा काढला. तो कळवळून कर्ण्यात म्हणाला, "चिंचेला! चिंचेला फिरत राहा! कर्णा श्रीमंत लाउडस्पीकर यांचा." आणि वेशीच्या तोंडाशी आलेला पहिल्या जोडीचा मालक सूर्यभान चक्क चिंचेकडं वळला. एकदा एक बैल फिरू लागला की बाकीच्यांना वाटतं मळणी सुरू झाली. थोड्या वेळात चिंचेभोवती सगळं गाव फिरत होतं. आत मोठी जोडी, बाहेर लहान, मध्ये दोन-दोन कासरे अंतर. एक शिंग दुसऱ्या शिंगाला लागलं नाही. वेशीपुढची जागा इतकी मोकळी पडली की गुरुजी उठून ती बघून आले.

"शाम्या," मी म्हणालो, "जमलं की."

"हे जमतंच," तो म्हणाला. "यातलं कुणी अजून 'मी आधी' म्हटलेलं नाही."

तेवढ्यात आक्काबाई आली. ही आमच्या गावातली एकमेव बाई, जी स्वतः औत धरते आणि स्वतःच जोडी मिरवते. दुसरा बैल बरा होता, पण पवळ्या आता लंगडत होता. ती चिंचेपाशी थांबली आणि वर बघून ओरडली, "शाम, माज्या पवळ्याच्यानं फिरनं हुनार न्हाई रं! पाय गेलाय त्याचा. बसला तर उठायचा न्हाई हितं!"

शाम्यानं माझ्याकडं बघितलं. "इंधन संपलेलं विमान," तो म्हणाला. "त्याला आधी उतरवायचं असतं."

"पण तोरण? पाटलांचा मान?"

"पाटील दिसतायत का?"

पाटील दिसत नव्हते. अजून कुणाला कंटाळा आलेला नव्हता, म्हणजे त्यांच्या येण्याला वेळ होता. शाम्यानं पवळ्याची पट्टी सगळ्यात खाली ठेवली, कर्णा तोंडाशी घेतला आणि म्हणाला, "आक्काबाई, सरळ वेशीत या. कर्णा श्रीमंत यांचा."

आक्काबाई निघाली. पवळ्या एक पाय टाकायचा, विचार करायचा, मग दुसरा टाकायचा. तो वेशीच्या तोंडाशी आला आणि तिकडं तिसऱ्या वाटेवर ताशा कडाडला.

पाटील आले. त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर आले. पुढं कळलं की कर्ण्यावर बाकीच्यांची नावं ऐकून त्यांना घरी बसवेना. पुढं बादशा, डोंगरासारखा, पाठीवर मखमली झूल, कपाळाला बाशिंग. कासरा पाटलांच्या हातात. मागं ताशे, गुलाल, फटाक्यांची माळ. सरळ वेशीवर. आणि वेस एवढी अरुंद की तीत एक जोडी असताना शेळीसुद्धा मावणार नाही.

चिंचेभोवतीची सगळी माणसं बुरुजाकडं बघायला लागली. बैल तेवढे फिरत राहिले.

शाम्या उभा राहिला. त्याचं तोंड उघडलं. मला त्याच्या ओठांवर स्पष्ट दिसलं. त्याचे ओठ 'या' म्हणायला वळत होते. सात पिढ्यांचा आग्रह होता तो. खाली गुरुजी आधीच हात जोडून पाटलांना सामोरे निघाले होते. मला कळून चुकलं, आता हा 'या पाटील, या' म्हणणार, वेशीत आक्काबाई, पवळ्या आणि बादशा एकावर एक पडणार, आणि परीक्षेत पुन्हा नापास होऊन शाम्या मामाबरोबर तहसील कचेरीत जाणार.

माझ्या हाताशी तांब्या होता, पाणी प्यायला आणलेला. मी तो तोंडापुढं धरला आणि हळूच म्हणालो, "मी येऊ का?"

शाम्या दचकला. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा पवळ्याकडं. आणि कर्ण्यातून असा आवाज आला की कावळे उडाले.

"बादशा! उतरू नका! धावपट्टीवर जनावर आहे! चिंचेला वळसा घालून पुन्हा या!"

ताशा थांबला. फटाक्यांच्या माळेला काडी लावणारा काडी हातात धरून उभा राहिला. ती त्याच्या बोटापर्यंत जळत आली तरी तो ओरडला नाही.

"कुनाला म्हनतो रं?" पाटलांनी खालून विचारलं. शांत आवाजात. आमच्या गावात त्या आवाजाला लोक दार लावून घेतात.

शाम्या कर्ण्यामागं तोंड लपवत होता, ते मला दिसत होतं. पाटलांना कर्णाच दिसत होता.

"तुम्हालाच, पाटील," कर्णा म्हणाला. "थांबा."

आणि मग सवयीनं, "कर्णा श्रीमंत लाउडस्पीकर यांचा."

पुढं काय झालं असतं ते सांगता येत नाही, कारण निर्णय पाटलांनी घेतलाच नाही. बादशानं घेतला. त्याच्या डोळ्यांपुढं एवढे बैल गोल फिरत होते. मानाचा असला तरी मूळचा खळ्यावरचा बैल. त्यानं मान हलवली, वेशीकडं पाठ केली आणि चिंचेच्या फेऱ्यात सगळ्यांत बाहेरून जाऊन शिरला. कासरा पाटलांच्या मनगटाला गुंडाळलेला होता, त्यामुळं पाटीलही शिरले. पाटील फिरताहेत म्हटल्यावर ताशेवाले मागोमाग वाजवत निघाले. तेवढ्यात आक्काबाई वेशीतून पार झाली, मारुतीपुढं गेली आणि नारळ फोडून खोबरं वाटत परतसुद्धा आली.

वळसा पुरा झाला. शाम्यानं सांगितलं, "बादशा, आता सरळ या. मागच्यांनी थांबा, भोवरे जाऊ द्या." मागच्यांनी गुलाल आणि फटाके शांत होईपर्यंत वाट बघितली, आणि मग एकेक जोडी अशी आत गेली की जणू दोऱ्यात ओवलेली. त्या साली एकही बैल सोसायटीच्या ऑफिसात गेला नाही. सेक्रेटरी अर्धा दिवस दार उघडं ठेवून बसले होते.

पण प्रश्न मानाचा होता. जोड्या घरी गेल्यावर सगळं गाव वेशीत गोळा झालं. पाटील मधोमध उभे. शेवटी मार्तंड गुरुजी पुढं झाले. घसा साफ करून त्यांनी विचारलं, "बादशा आला तेव्हा तोरण अखंड होतं की नव्हतं?"

होतं. पवळ्याची जोडी म्हातारी, माना खाली घालून गेली होती, पानाला धक्का लागला नव्हता. तोरण बादशानंच तोडलं होतं, सगळ्यांदेखत.

"तोरण तुटल्यावर वेस उघडते," गुरुजी म्हणाले. "त्याआधी ती बंद. बंद वेशीतून कुणी आत जाऊ शकत नाही. म्हणजे कुणी गेलेलं नाही."

गाव विचारात पडलं. मग हळूहळू माना हलायला लागल्या.

"आन् मी?" आक्काबाई म्हणाली.

"तुम्ही त्या वेळी बाहेर होतात, आक्काबाई."

"आवो गुर्जी, मारुतीफुडं नारळ फोडला की म्या!"

"नाही फोडलात."

"मंग तुमच्या तोंडात काय हाय?"

गुरुजींनी तोंडातलं खोबरं गिळलं आणि पंचाला शोभावं अशा चेहऱ्यानं आभाळाकडं बघितलं.

"ऱ्हाऊ द्या," आक्काबाई म्हणाली. "न्हाई गेले तर न्हाई गेले. पर फुडल्या साली बी असंच न्हाई जाऊ द्या मला."

मग सगळे पाटलांकडं बघायला लागले. पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. "म्या काय फिरलो-बिरलो न्हाई," ते म्हणाले. "बादशाला घिऊन चिंचंला प्रदक्षिणा घातली. आमच्या आज्याच्या येळंपास्नं घालतो आमी."

आजोबांच्या वेळी ती चिंच नव्हती. ती लावणारा माणूस अजून गावात जिवंत आहे. तो म्हणाला, व्हय, घालत व्हते.

शाम्या परीक्षेला गेला आणि दिवाळीला पेढे घेऊन आला. मी विचारलं, कसं झालं?

"सोपं होतं. मधेच मास्तरांनी मंत्र्याचं विमान घुसवलं. म्हणाले, मंत्री घाईत आहेत, आधी उतरवा. मी म्हटलं, थांबा. चिंचेला वळसा घालून पुन्हा या."

"इंग्रजीत?"

"इंग्रजीतच. पण चिंच म्हणालो. मास्तरांनी सगळा नकाशा शोधला, चिंच कुठं सापडेना. पण विमानं एकमेकांवर पडली नाहीत, म्हणून पास केलं."

आता तो अशा एका विमानतळावर आहे जिथं दिवसाला एकच विमान येतं. शाम्या त्यालाही थोडा वेळ थांबवतो. हात राहिला पाहिजे, म्हणतो. ते निघालं की बाहेर येऊन दिसेनासं होईपर्यंत हात हलवतो. पायलट आता उलट हात करतो.

इकडं गावाची मात्र पंचाईत झाली आहे. पाटलांनी प्रदक्षिणा घातली म्हटल्यावर आता ती प्रत्येकाला पाहिजे. येत्या पोळ्याला ऐन वेशीपुढून आपली जोडी परत फिरवली जावी, आणि ती कर्ण्यातून नाव घेऊन फिरवली जावी, म्हणून लोक आतापासून पाटलांच्या वाड्यावर खेपा घालतायत. आक्काबाईला पुन्हा तसंच 'न जाता' आत जायचं आहे. एवढी वाहतूक सांभाळणारा माणूस आमच्याकडं नाही. मी एकदा प्रयत्न केला, पण मला नुसते पायलटांचे आवाज काढता येतात. तेव्हा ग्रामसभेनं एकमतानं दिल्लीला अर्ज केला. मजकूर गुरुजींचा, सही पाटलांची, खाली आक्काबाईचा अंगठा:

'महोदय, गेल्या पोळ्यास आमच्या गावी न घडलेल्या प्रकाराच्या अनुषंगाने सविनय विनंती करण्यात येते की, आपल्या खात्यातील श्री. शामकांत मार्तंड यांची दरवर्षी श्रावण अमावास्येस एक दिवसापुरती आमच्या वेशीवर बदली करण्यात यावी. त्यामुळे त्यांच्याकडील एकुलत्या एका विमानाची गैरसोय होत असल्यास सदर विमान त्या दिवशी आमच्याच गावी पाठवावे. चिंचेभोवती जागा करून देण्यात येईल. मात्र पहिला मान बादशाचा असल्याने विमानाने तोरण तुटल्याशिवाय उतरू नये, आणि उतरताना आक्काबाईंच्या मागे पुरेसे अंतर ठेवावे, अशी समज संबंधित पायलटास आपल्या स्तरावरून लेखी देण्यात यावी, ही नम्र विनंती.'